फटफटीवरचा रामराम

श्रोतेहो, राम राम. शाळाशाळांतून ऐकत असलेल्या गुरुजींना आणि बाईंना नमस्कार.

हे एवढे म्हणायला मला चार-पाच सेकंद लागले. बैलगाडीच्या वाटेवर चार-पाच सेकंद म्हणजे काहीच नव्हे. समोरून गाडी येताना दिसली, की दोन्ही गाडीवान लांबूनच अंदाज बांधू लागत. जवळ आले की कासरा जरा ढिला होई, "राम राम पाव्हणं, कंच्या गावाला?" होई, बाजारात कांदा काय भावाने गेला ते कळे, आणि गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या तरी मागे वळून राहिलेले वाक्य पुरे करता येई. बैलांनाही तेवढीच उसंत मिळे.

आता त्याच वाटेवर डांबर आले आहे आणि गाडीवानाचा नातू फटफटीवर बसला आहे. कोणी तिला मोटारसायकल म्हणो, कोणी बाईक म्हणो, आपण आपले फटफटीच म्हणू. तिच्या आवाजातून निघालेला शब्द आहे, आणि कानाला अजून खरा वाटतो. हा नातू ताशी ६० किलोमीटरने चालला आहे आणि समोरचाही ६० नेच येतो आहे असे धरा. गुरुजींनी हे गणित मुलांना घालून पाहावे. दोघांमधले अंतर ताशी १२० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटरने तुटत जाते. समोरचा माणूस १०० मीटरवर दिसला, तर तिसऱ्या सेकंदाला तो पाठीमागे गेलेला असतो. त्यात कानात वारा, खाली इंजिनाची धडधड, डोक्यावर हेल्मेट. राम राम म्हटले तरी ते म्हणणाऱ्याच्याच तोंडात राहणार.

पण माणूस चिवट. बोलणे खुंटले म्हणून त्याने नमस्कार सोडला नाही. जगात पुष्कळ ठिकाणी फटफटीवाले वाटेत भेटले की एकमेकांना सलाम करतात. ओळख असलीच पाहिजे असे नाही; पुन्हा कधी गाठ पडेल अशीही आशा नसते. तरी करतात. तो कसा करतात आणि का करतात, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न हा की, नमस्कार करायचा कशाने? फटफटीवर बसलेल्या माणसाचे चारही अवयव कामाला जुंपलेले असतात. उजव्या मुठीत वेग असतो. मूठ पिळली की गाडी पळते, सोडली की लगेच मंदावते. पुढचा ब्रेकही त्याच हाताशी. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक, डाव्या पायाखाली गिअर. राहिला डावा हात. त्याच्याकडे क्लच असतो, आणि क्लच काही सारखा लागत नाही. म्हणजे सरळ मोकळ्या रस्त्यावर क्षणभर सुटू शकेल असा एकच अवयव, तो डावा हात.

आता अमेरिका, जर्मनी, फ्रान्स हे देश घ्या. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून समोरून येणारा नेहमी आपल्या डाव्या हाताला येतो. जो हात मोकळा, त्याच बाजूला पाहुणा! तिथल्या फटफटीवाल्यांचे काम सोपे झाले. ते डावा हात जरा खाली, बाहेरच्या बाजूला नेतात. अमेरिकेत बरेच जण दोन बोटे जमिनीकडे दाखवतात. तुझी दोन्ही चाके जमिनीवर राहोत, असा तो आशीर्वाद आहे म्हणतात. फ्रान्समध्ये दोन बोटांची फुली उघडून दाखवतात. जर्मनीत तर 'डावा हात सलामीला' अशा अर्थाचे वचनच फटफटीवाल्यांच्या तोंडी बसले आहे, आणि त्याची आद्याक्षरे ते पत्राखाली 'आपला' लिहावे तशी लिहितात.

फ्रान्समध्ये आणखी एक रीत आहे, ती ऐकून तुम्ही कानांवर हात ठेवाल. पुढची मोटार जरा बाजूला सरली आणि फटफटीला वाट मिळाली, की फटफटीवाला पुढे जाता जाता उजवा पाय बाहेर लांब करून मोटारवाल्याला दाखवतो. हे त्याचे आभार! आपल्याकडे चुकून कोणाला पाय लागला तर आपण वाकून हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. आणि हे लोक पाय पुढे करून धन्यवाद म्हणतात. पण त्यांचे कारण बिनतोड आहे. मोटार आहे उजव्या बाजूला. उजवा हात वेगाला बांधलेला. डावा हात दाखवावा तर तो पलीकडच्या अंगाला, मोटारवाल्याला दिसणार कसा? मग उरतो पाय. ज्या देशात पायाला विटाळ नाही तिथे ते खपून जाते. आपल्याकडे एखाद्याने हा प्रयोग ट्रकवाल्यावर करून पाहिला तर पुढच्या ढाब्यावर भांडण ठरलेले.

इंग्लंडात वाहने डावीकडून चालतात, आणि आपल्याकडे ती चाल तिथूनच आली. तिथे समोरचा येतो उजव्या हाताला, आणि मोकळा हात तर डावा. मग इंग्रज फटफटीवाल्याने हाताचा नाद सोडला आणि मान हलवायला सुरुवात केली. हेल्मेट घातलेले डोके किंचित तिरके होते, पुन्हा सरळ होते. झाला नमस्कार.

इंग्लंडचे नाव निघालेच आहे, तर तिथल्या एका सलामाची गोष्ट सांगतो. १९०३ साली तिथे मोटारींसाठी कायदा झाला आणि ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही वेगाची मर्यादा ठरली. पोलीस झुडपाआड घड्याळ घेऊन बसत आणि मोजलेल्या अंतरात मोटार किती वेळात गेली ते पाहून दंड करीत. मोटारवाल्यांनी १९०५ मध्ये आपली एक संस्था काढली, ऑटोमोबाइल असोसिएशन. तिची माणसे सायकलवर हिंडत आणि पुढे पोलीस बसले आहेत अशी आगाऊ खूण सभासदांना देत. १९१० च्या सुमारास हे प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल लागला की अशी सूचना देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणे होय. आता काय करावे? संस्थेने मोठी नामी युक्ती काढली. सभासदाच्या मोटारीवर संस्थेचा बिल्ला असे. बिल्ला दिसला की संस्थेच्या माणसाने कडक सलाम ठोकायचा. आणि सलाम केला नाही, तर सभासदाने गाडी थांबवून विचारायचे, का रे बाबा, सलाम का नाही? एवढ्यात वेग कमी होऊन जाई. पोलिसांची पंचाईत झाली. सलाम केल्याबद्दल माणसाला पकडता येईल. न केलेल्या सलामाबद्दल कोणते कलम लावणार? पुढे ही माणसे सायकली सोडून बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकलींवर आली आणि सलाम करीत राहिली. १९६० च्या दशकात रस्त्यावरची वर्दळ वाढली तेव्हा कुठे ही प्रथा थांबली.

न केलेला नमस्कारही बोलतो, हे आपल्याला साहेबाने शिकवायला नको. कालपर्यंत राम राम घालणारा भाऊबंद आज मान फिरवून गेला, तर तलाठ्याकडे काहीतरी शिजते आहे, हे आपल्याला तिथल्या तिथे उमगते.

आता आपल्या रस्त्यावर या. आपण डावीकडून चालतो, म्हणजे अडचण इंग्रजांचीच. पण आपली अडचण त्याहून एक पायरी वरची. डाव्या हाताने आपण प्रसाद घेत नाही, पैसे देत नाही, वडीलधाऱ्यांना काही पुढे करीत नाही. समोरून मामा फटफटीवरून येत असताना डावा हात वर करायचा म्हणजे मनाला कसेसेच होते. उजवा हात सोडावा तर गाडी आचके खाते. पाय तर विचारूच नका. तेव्हा मानच उरते. आणि आपल्या भाषेने आधीच सोय करून ठेवली आहे, हलवायची ती मान आणि द्यायचा तोही मान. खेड्यातले फटफटीवाले मान हलवतात, वर हॉर्नचा एक छोटा ठोका देतात. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून जाणाऱ्याला तर मानही जपून हलवावी लागते.

याच्या उलट एस.टी.चा ड्रायव्हर पाहा. तो बसतो गाडीत उजवीकडे, खिडकीशी. समोरून दुसरी एस.टी. आली की दोघांच्या खिडक्या हातभर अंतराने एकमेकींसमोरून जातात, आणि त्याचा उजवा हात खिडकीशी तयारच असतो. तो वर होतो, पलीकडचाही वर होतो. उतारू मंडळींपैकी कोणाला पत्ताही लागत नाही. मला विचाराल तर आपल्या रस्त्यावरचा सर्वांत देखणा नमस्कार हाच. आता पुढचे सिग्नल, घाटातली दरड, गाडी उशिराने असणे, या सगळ्याच्या खुणाही त्याच हाताने होतात.

हे झाले कसे. आता का?

एक विचार करा, मोटारगाडीवाले एकमेकांना सलाम करीत नाहीत. त्यांच्याभोवती पत्रा असतो, काच असते. माणूस माणसाला दिसतच नाही. फटफटीवाला उघड्यावर असतो. पाऊस त्याच्यावर, धूळ त्याच्यावर, कुत्रे आडवे आले तर तेही त्याच्यावर. पण याहून मोठे कारण मला दिसते ते असे, की तो इतरांना दिसत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या देखरेखीखाली झालेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल-अपघातांची त्यांच्या लोकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. मोटारसायकलची दुसऱ्या वाहनाशी टक्कर झाली तिथे सुमारे दोन-तृतीयांश वेळा चूक दुसऱ्या वाहनवाल्याची होती. त्याने मोटारसायकलच्या वाटेत गाडी आडवी घातली होती. आणि त्याचे म्हणणे बहुधा एकच, मला ती दिसलीच नाही. डोळे उघडे असतात, नजर त्या बाजूला गेलेलीही असते. पण ट्रक आणि मोटार शोधणाऱ्या नजरेला मधली बारीक आकृती जाणवत नाही.

आपल्याकडचे आकडे जड आहेत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. म्हणजे ७० हजारांहून जास्त माणसे एका वर्षात. तालुक्याच्या गावात वस्ती किती असते ते आठवा आणि मग या आकड्याकडे पाहा.

अशा रस्त्यावर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाने मान हलवली, तर तिचा पहिला अर्थ हा की, मी तुला पाहिले आहे. चाकावरच्या माणसाला याहून मोलाचा निरोप कोणता? आणि तो देऊ शकतो तो मुख्यतः दुसरा फटफटीवालाच, कारण तो आपल्यासारख्यांना शोधत असतो.

मग पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कोणी कोणाला मान का हलवत नाही? अहो, हलवली तर घरी पोहोचेपर्यंत मानेला पट्टा लागेल. आपल्या देशात नोंदलेल्या दर चार वाहनांपैकी जवळजवळ तीन दुचाकी आहेत. गर्दीत नमस्कार होत नाही; जत्रेत आपण प्रत्येकाला राम राम घालतो का? तोच पुण्याचा पोरगा सुटीत मनालीहून लेहला फटफटीने जातो, तेव्हा त्याचा हात आपोआप वर होतो. त्या वाटेवर बारालाचा ला, तंगलंग ला अशा खिंडी आहेत, पावणेपाच हजार मीटरहूनही उंच. हवा विरळ, मैलोगणती वस्ती नाही, ओढ्याचे बर्फाचे पाणी रस्त्यावरून वाहते. तिथे समोरून येणारा अंगठा वर करतो. या अंगठ्यात बरेच काही असते: पुढे रस्ता चालू आहे, मी पार करून आलो, तूही जाशील. लडाखमध्ये रस्त्याकडेची मुले 'जुले' म्हणत हात पुढे करतात आणि जाणाऱ्याने टाळी द्यावी अशी अपेक्षा धरतात. मुलांचा उत्साह गोड आहे, पण चालत्या गाडीवरून टाळी द्यायची म्हणजे पोराचा खांदा निखळायचा. गाडी थांबवून टाळी द्यावी, नाहीतर मान हलवून पुढे जावे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुन्या वाटेवरच्या नमस्काराची आठवण आपण गोड करून सांगतो, मीही आरंभी तशीच सांगितली. पण तो नमस्कार सर्वांना सारखा नव्हता. कोणी आधी वाकायचे, कोणी नुसते 'हं' म्हणायचे, कोणी वाट सोडून उभे राहायचे, हे जातीने ठरलेले होते. ज्याला जोहारच घालावा लागे, त्याला राम राम म्हणण्याची मुभा नव्हती. तेच लोक पुढे ताठ मानेने 'जय भीम' म्हणू लागले, तेव्हा गावागावांतून किती कपाळांना आठ्या पडल्या! गुरुजी दिसले की पोराने सायकलवरून उतरून उभे राहायचे, ही रीत वेगळी. तिच्यात प्रेम होते. पण वाहनावरून उतरायला लावणे हे सगळीकडे प्रेमाने होत नसे, हे तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. हेल्मेटच्या आत कोणती जात आहे, गुरुजी आहेत की गडी आहे, हे ३ सेकंदांत कळत नाही. तिथे मान हलते ती माणसाला पाहून. ही बरोबरी यंत्राने आणली, आपण नाही. पण आली आहे तर ती घ्यावी. नाही म्हणायला मोठ्या, महागड्या गाड्यांवरचे काही जण साध्या स्कूटरवाल्याच्या नमस्काराला उत्तर देत नाहीत. अमेरिकेत ही खोड आहे, आपल्याकडेही येऊ लागली आहे. जात नाही तर गाडीची किंमत, काहीतरी हवेच असते काहींना.

फटफटीवाल्यांच्या खुणांत इशारेही येतात. परदेशांत स्वतःच्या हेल्मेटवर टपली मारून दाखवली, की पुढे पोलीस आहेत. जमिनीकडे बोट दाखवले, की रस्त्यात खड्डा किंवा सांडलेले तेल. आपल्याकडे हाताची बोटे मिटून उघडून दाखवली, की दिवसा तुमचा दिवा चालू राहिला आहे. ही खूण मात्र आता सोडून द्यावी. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींचा पुढचा दिवा कारखान्यातूनच असा येतो, की इंजिन चालू झाले की तो लागतो. त्याला बटणच नसते. ही दुचाकी समोरच्याला दिसावी म्हणूनच केलेली तजवीज आहे. तरी अजून लोक बोटे मिटून उघडून दाखवतात, आणि बिचारा चालवणारा बटण शोधू लागतो. नजर रस्त्यावरून उठली ती उठलीच.

पण दोन इशारे असे आहेत, की ते महाराष्ट्राच्या रस्त्यावर रोज ऐकू येतात आणि माणसे वाचवतात. पहिला: "ओ दादा, स्टँड!" दुसरा: "ताई, पदर!" ज्याचे नाव माहीत नाही तो दादा होतो, जिचे तोंडही दिसले नाही ती ताई होते, वहिनी होते, मावशी होते. परदेशातल्या दोन बोटांपेक्षा मला हा नमस्कार अधिक आवडतो.

स्टँडचे असे, की तो गाडीच्या डाव्या अंगाला असतो. तो वर न घेता निघाले तर सरळ रस्त्यावर काही कळत नाही. डावीकडे वळताना गाडी त्याच बाजूला कलते, स्टँडचे टोक रस्त्याला टेकते आणि चाक उचलले जाते. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन बंद पडते किंवा धोक्याचा दिवा लागतो, पण जुन्या गाड्या गावोगाव आहेत. पदराचे संकट त्याहून वाईट. पाठीमागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे साधन गाडीला असलेच पाहिजे, असा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. काही हौशी पोरे गाडी 'दिसायला चांगली' व्हावी म्हणून ते काढून टाकतात. त्या पोरांच्या आईने ते पुन्हा बसवून घ्यावे. आणि गार्ड असला तरी वाऱ्यावर उडणारी ओढणी अर्ध्या उघड्या चाकात जाऊ शकते, हे विसरू नये.

इशारा देण्याचीही एक रीत पाळावी. मागून एकदम अंगावर जाऊन ओरडू नये. दचकलेला माणूस मान वळवतो आणि मानेबरोबर हँडलही वळते. मागे थोडे अंतर ठेवून एक छोटा हॉर्न द्यावा. मग उजव्या बाजूने, हात-दोन हात लांबून, बरोबरीने येऊन एकच शब्द म्हणावा, स्टँड किंवा पदर. सगळी हकीकत सांगू नये. पुढे रस्ता मोकळा नसेल तर बरोबरीला जाऊच नये, हॉर्न आणि दिव्यानेच थांबायला सांगावे. ज्याला इशारा मिळाला त्याने घाईने ब्रेक दाबू नये. वेग हळूहळू कमी करून कडेला यावे.

आणि कपडा चाकात गेलाच असेल, तर ओढाताण करू नका. आधी इंजिन बंद करा. ओढणी गळ्याभोवती असेल तर पहिल्यांदा गळा मोकळा करा, वेळ पडली तर कात्रीने, विळ्याने, हाताला येईल त्याने ती कापा. ओढणी पुन्हा मिळते. मग गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, दोघांनी धरून उभी ठेवा, आणि चाक पुढे नव्हे, मागच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवा. जसा कपडा गुंडाळला गेला तसा तो उलगडत बाहेर येतो.